सैनिकाला कुत्रा देताना

शंकेखोर : अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांच्या शवपेटीपुढे आडवा पडलेला सली नावाचा लॅब्रॅडॉर तुम्हाला आठवत असेल. 2018 चा डिसेंबर. तो फोटो जगभर फिरला आणि लोकांनी त्यात जन्माचं इमान पाहिलं. प्रत्यक्षात सली त्यांच्याकडे आला होता त्याच वर्षीच्या जूनमध्ये, म्हणजे सोबत जेमतेम सहा महिन्यांची. कुत्र्याला काय वाटलं ते त्यालाच ठाऊक, त्याबद्दल मी बोलत नाही. पण त्या एका फोटोनंतर ‘अपंग माजी सैनिकांना प्रशिक्षित कुत्रे द्यावेत का’ हा प्रश्न विचारायचीच सोय राहिली नाही. विचारणारा निर्दय ठरतो. खरं तर हा पैशाचा, वैद्यकाचा आणि सरकारी जबाबदारीचा मामला आहे. एक कुत्रा तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, वीस ते पन्नास हजार डॉलर खर्च येतो आणि निवडलेल्या पिल्लांपैकी बरीच वाटेतच गळतात. एवढ्या पैशात मानसोपचार, घरातला मदतनीस, नोकरीचं प्रशिक्षण असं काय काय होऊ शकलं असतं, याचा हिशेब कुणी मांडलेला मला दिसत नाही.

कैवारी : हिशेब मांडूच. पण सलीची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. बुश गेल्यावर तो वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांच्या सोबतीला रुजू झाला. फोटो संपला, काम चालू राहिलं. आणि ही कल्पना कुणा श्वानप्रेमी मंडळाच्या चहापानातून निघालेली नाही, ती युद्धातूनच आली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि स्फोटांनी डोळे गेलेले जर्मन सैनिक हजारोंनी घरी परतत होते, तेव्हा 1916 साली ओल्डेनबुर्गला अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. पुढे पॉट्सडॅमला दुसरी निघाली. ती पाहून डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी 1927 मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहिला. तो लेख नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणापर्यंत पोचला आणि 1929 मध्ये अमेरिकेत ‘सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये 1931 साली वॉलसीला पहिल्या चार कुत्र्या तयार झाल्या, त्यांच्या मालकांतही महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक होते. म्हणजे आज जगभर अंध माणसं ज्याच्या भरवशावर रस्ता ओलांडतात ती विद्या सैनिकांसाठी शोधली गेली आणि बाकीच्यांना नंतर मिळाली. ‘सीइंग आय’ची एक रीत मला फार आवडते. तिथे कुत्रा फुकट मिळत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याने दीडशे डॉलर द्यायचे, पुढच्या खेपेला पन्नास, आणि माजी सैनिकाने एक डॉलर. खर्चाच्या मानाने हे काहीच नाही. पण घेणारा उपकाराखाली वाकून नाही, मोल देऊन घेतो.

शंकेखोर : आंधळ्याच्या कुत्र्याशी माझं भांडणच नाही. त्याचं काम डोळ्यांसमोर असतं. फुटपाथची कड आली की तो थांबतो. मालकाने ‘चल’ म्हटलं आणि समोरून गाडी येत असली तर तो हुकूम मोडून उभा राहतो. हे दाखवता येतं, तपासता येतं, नापास करता येतं. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या कुत्र्याचंही तसंच. 1975 मध्ये बॉनी बर्गिन यांनी कॅलिफोर्नियात हा प्रयोग सुरू केला. कुत्रा पडलेली किल्ली उचलतो, दार ओढतो, दिवा लावतो. गुडघ्याखाली पाय नसलेल्या सैनिकाला तोल सावरायला आधार देतो. इथपर्यंत माझी संमती धरून चाला. माझी शंका सुरू होते ती इराक आणि अफगाणिस्तानच्या लढायांनंतर. या लाटेतले बहुसंख्य अर्ज शरीराच्या जखमेसाठी नाहीत, मनाच्या जखमेसाठी आहेत. पीटीएसडी, म्हणजे भीषण अनुभवानंतर मनाला जडणारा ताणाचा विकार. इथे कुत्र्याला काय शिकवतात ते ऐका : घरात शिरण्याआधी खोल्यांतून फेरी मारून ये, रांगेत मालकाच्या पाठीमागे उभा राहा, समोरून कुणी जवळ आलं तर मध्ये आडवा हो. आता या आजारावरचा मान्य उपचार काय सांगतो? भीती टाळत राहिलं की भीती टिकते. हळूहळू त्या गर्दीत, त्या अंधाऱ्या खोलीत स्वतः जायचं, आणि काही झालं नाही हे अंगवळणी पडू द्यायचं. तुमचा कुत्रा रोज संध्याकाळी खोली तपासून येतो, तेव्हा त्या माणसाचं मन काय शिकतं? खोली तपासायलाच हवी होती, हेच ना? शत्रू आहे हे गृहीत धरून पहारेकरी नेमलात, आता शत्रू नाही हे त्याला पटणार कसं?

कैवारी : हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, म्हणून त्याला झटकून टाकत नाही. पण उपचाराचं वर्णन तुम्ही पुस्तकातलं केलंत. तो उपचार घेणारा माणूस आधी दवाखान्याच्या दारात यावा लागतो. अर्ध्यावर सोडून जाणारे सैनिक थोडेथोडके नाहीत, हे तिथले मानसोपचारतज्ज्ञच सांगतात. ज्या माणसाने आठवडाभर खिडकीचा पडदा बाजूला केलेला नाही त्याला ‘हळूहळू गर्दीत जा’ म्हणणं सोपं आहे. कुत्रा सकाळी सहाला दाराशी जाऊन उभा राहतो. त्याला बाहेर न्यावंच लागतं. रस्त्यावर कुणीतरी थांबून नाव विचारतं, जात विचारतं, म्हणजे कुत्र्याची, आणि दोन वाक्यं बोलणं भाग पडतं. हाही भीतीला सामोरं जाण्याचाच अभ्यास आहे, फक्त तो कुणी लिहून दिलेला नाही. शिवाय सगळी कामं एका तागडीत घालू नका. खोली तपासणं तुम्हाला खटकतं, मलाही थोडं खटकतं. पण रात्री वाईट स्वप्नात माणूस हातपाय झाडू लागला की त्याला नाकाने ढोसून उठवणं, घाम आणि श्वास बदलला की मांडीवर डोकं टेकून त्याचं लक्ष वळवणं, यात कोणती भीती जोपासली जाते? उलट माणूस त्या क्षणातून परत येतो.

शंकेखोर : वाटण्यावर नको जाऊ या, मोजमापावर या. ते काम अमेरिकन सरकारने केलेलं आहे. तिथलं माजी सैनिक खातं, ज्याला सगळे व्हीए म्हणतात, त्याला संसदेने 2009 मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यातून हा अभ्यास करायला भाग पाडलं. 2011 मध्ये फ्लोरिडातल्या टँपाला सुरुवात झाली आणि लवकरच बंदही पडली, कारण काही कुत्रे घरातल्या मुलांना चावले, काहींची तब्येत धड नव्हती. सगळं नव्याने आखून तीन शहरांत पुन्हा सुरू केलं : अटलांटा, आयोवा सिटी आणि पोर्टलंड. 227 सैनिकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. त्यांतल्या 181 जणांना प्रत्यक्ष कुत्रे मिळाले. एका गटाला कामं शिकवलेला साहाय्यक कुत्रा, दुसऱ्याला नुसता सोबतीचा, शिस्तीचा पण कोणतंही खास काम न शिकवलेला. दीड वर्ष पाठपुरावा केला. 2021 मध्ये अहवाल बाहेर आला. मुख्य प्रश्न दोन होते. रोजचे व्यवहार किती सुधारले? जगण्याची प्रत किती सुधारली? दोन्हींत या दोन गटांत फरक सापडला नाही. पीटीएसडीच्या लक्षणांत साहाय्यक कुत्र्यांचा गट थोडा सरस निघाला, ऐंशी गुणांच्या मोजपट्टीवर पावणेचारच्या आसपास गुणांनी. आता तुम्हीच सांगा, दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि हजारो डॉलर कशासाठी?

कैवारी : हा अभ्यास मी अनेकदा तुमच्यासारख्यांच्या तोंडून ऐकला आहे आणि दर वेळी त्यातून ‘कुत्र्याचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढलेला ऐकला आहे. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, हा तुमचा प्रामाणिकपणा. कारण या अभ्यासात कुत्रा नसलेला गट नव्हताच. तुलना होती कुत्र्याची कुत्र्याशी. त्यातून कळतं ते इतकंच की त्या पाच कामांचं शिक्षण दिल्याने मुख्य मोजमापात भर पडली नाही. कोणती पाच? दिवे लावणं, खोलीत फेरी मारून येणं, वस्तू आणून देणं, पुढे आडवं उभं राहणं, मागे उभं राहणं. ज्या कामाबद्दल तुम्ही आत्ता तक्रार केलीत तीच त्यात होती. दुःस्वप्नातून उठवणं नव्हतं. मग हा निकाल सगळ्या साहाय्यक कुत्र्यांवर कसा लादायचा? आता दुसरा अभ्यास घ्या. मॅगी ओहेअर या संशोधक बाईंच्या गटाने 2024 मध्ये 156 सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 81 जणांना कुत्रा मिळालेला, 75 जण नेहमीचे उपचार घेत प्रतीक्षायादीत. कुणाकडे कुत्रा आहे हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी तपासलं. तीन महिन्यांनी पीटीएसडीचं निदान कायम असण्याची शक्यता कुत्रेवाल्यांत बरीच कमी निघाली, सहासष्ट टक्क्यांनी.

शंकेखोर : त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. ज्याचा नंबर आधी लागला त्याला कुत्रा मिळाला. आणि तीन महिने हा काळ कसला आहे? घरात नवीन जीव आला की तीन महिने कुणाचंही घर हसतंखेळतं असतं. मला तीन वर्षांनंतरचं सांगा. कुत्रा आजारी पडल्यावर, बायकोने घर सोडल्यावर, बदलीच्या गावी भाड्याचं घर मिळेना तेव्हाचं सांगा. पण ते राहू द्या. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर माझ्याच बाजूचा मुद्दा निघतो. कुत्रा नसण्यापेक्षा कुत्रा असणं बरं, पण शिकवलेला आणि न शिकवलेला यांत फार अंतर नाही. तर मग आश्रयगृहातला चांगल्या स्वभावाचा कुत्रा द्या, त्याला बसणं-थांबणं शिकवा, आणि उरलेल्या पैशांत दहा जणांना उपचार द्या.

कैवारी : आश्रयगृहातले कुत्रे घेऊन त्यांना सैनिकांसाठी तयार करणाऱ्या संस्था आहेतच. फ्लोरिडातल्या ‘केनाइन्स फॉर वॉरियर्स’चे कितीतरी कुत्रे तिथूनच येतात. पण तुमच्या सूचनेत एक अडचण आहे, आणि ती वैद्यकातली नसून कायद्यातली आहे. सोबतीचा कुत्रा घराच्या उंबऱ्यापर्यंतच. अपंगांच्या हक्कांच्या अमेरिकन कायद्याखाली 2011 पासून लागू असलेल्या नियमांनुसार दुकानात, हॉटेलात, सरकारी कचेरीत शिरण्याचा हक्क आहे तो विशिष्ट काम शिकवलेल्या कुत्र्याला. नुसत्या असण्याने बरं वाटतं, एवढं पुरत नाही. त्यामुळे ज्याला घराबाहेर पडणंच जमत नाही अशा माणसाला ‘सोबतीचा घ्या’ म्हणणं म्हणजे जिथे गरज नाही तिथे कुत्रा देणं, आणि जिथे गरज आहे तिथे दारावर अडवणं. दिवे लावण्याने मोजपट्टी हलली नसेलही. पण दिवा लावता येणं हा त्या कुत्र्याचा बाजारात शिरण्याचा परवाना असतो.

शंकेखोर : आणि त्याच परवान्याची नक्कल इंटरनेटवर काही डॉलरला मिळते. तुम्हीच कायदा काढलात म्हणून सांगतो. दुकानदार फक्त दोन प्रश्न विचारू शकतो : हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? कागद मागता येत नाही, काम करून दाखव म्हणता येत नाही. हेतू चांगला, अपंग माणसाला पावलोपावली दाखले काढायला लागू नयेत. परिणाम असा की लाल जाकीट चढवलेला कुठलाही लाडका कुत्रा ‘साहाय्यक’ झाला. विमानांत तर इतका गोंधळ झाला की 2020 च्या डिसेंबरात परिवहन खात्याने नियम बदलून भावनिक आधाराच्या प्राण्यांना साहाय्यक कुत्र्यांच्या यादीतून काढून टाकलं. याची किंमत मोजतो कोण? खरा अंध माणूस, ज्याच्या मार्गदर्शक कुत्र्यावर कुणाचा तरी जाकीट घातलेला पॉमेरेनियन भुंकत धावून येतो. एक चांगला कुत्रा अशा दोन हल्ल्यांत कायमचा बिथरू शकतो. तुम्ही पीटीएसडीसाठी दार जितकं रुंद कराल, तितके त्यातून खोटे शिरतील. न दिसणाऱ्या जखमेचा हा तोटाच आहे.

कैवारी : न दिसणाऱ्या जखमेला खोटी म्हणण्याची लष्करात फार जुनी परंपरा आहे, तेवढी तुम्ही टाळा. बाकी मान्य. मला स्वतःला वाटतं की काहीतरी सार्वजनिक वर्तनाची परीक्षा असावी. पण बऱ्याच अपंग संघटना याला विरोध करतात आणि त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही : व्हीलचेअरचा परवाना कुणी मागत नाही, मग कुत्र्याचा का?

शंकेखोर : कारण व्हीलचेअर चावत नाही.

कैवारी : बरोबर. आणि व्हीलचेअरला कुणी मरणाच्या दारातून परत आणल्याचं श्रेयही देत नाही. तिकडे येऊ या, कारण संस्थांच्या जाहिरातींत तेच सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असतं.

शंकेखोर : त्याच मुद्द्यावर मी सगळ्यांत अस्वस्थ होतो. ‘रोज 22 माजी सैनिक आत्महत्या करतात’ ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. हा आकडा व्हीएच्या 2012 च्या अहवालातून आला, मोजक्या राज्यांच्या नोंदींवर आधारलेला. पुढच्या अधिक नीट मोजणीत तो रोज सतरा-अठराच्या घरात आला. वर्षाला सहा हजारांहून अधिक. हे काय कमी आहे? पण बावीस जिभेवर बसलं होतं, त्यामुळे तेच छापत राहिले. आणि त्याखाली कुत्र्याचा फोटो, देणगीचं आवाहन. लुईस कार्लोस मोंटाल्व्हान यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. इराकमध्ये दोनदा गेलेले कॅप्टन, ‘टूस्डे’ नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरबद्दलचं त्यांचं पुस्तक 2011 मध्ये खूप खपलं. ज्या कायद्याने व्हीएला अभ्यास करायला लावला त्याची ठिणगीसुद्धा पुढे सिनेटर झालेले अल फ्रँकन यांच्याशी झालेल्या त्यांच्या आणि टूस्डेच्या भेटीतून पडली. या चळवळीचा तो चेहरा होता. 2016 च्या डिसेंबरात त्यांनी आत्महत्या केली. त्या वेळी टूस्डे त्यांच्याजवळ नव्हता. मी हे कुत्र्याविरुद्धचा पुरावा म्हणून सांगत नाही. पण ज्या चळवळीने ‘कुत्रा जीव वाचवतो’ असं वचन दिलं, तिच्यावर या मरणाचं काहीतरी ओझं पडायला हवं होतं. तसं पडलेलं मला दिसलं नाही.

कैवारी : एका मरणावरून मीही काही सिद्ध करणार नाही, आणि तुम्हीही करू नका. पण वचनाबद्दल तुमचं खरं आहे. ज्याला कुत्रा मिळूनही बरं वाटत नाही त्याच्यावर त्या वचनाचा दुहेरी भार पडतो. सगळे म्हणतात यानेच वाचतात, मला का नाही? हृदयविकाराच्या गोळीने गुण आला नाही तर रोगी गोळीला दोष देतो. कुत्र्याने गुण आला नाही तर स्वतःला देतो. म्हणून जाहिरातीतलं ते वाक्य मी काढून टाकेन. त्याच्या जागी एवढंच लिहीन की कुत्रा उपचारांबरोबर द्यायचा असतो, उपचारांऐवजी नाही. तेवढ्याने देणग्या कमी होतील, हेही जाणून आहे.

शंकेखोर : देणग्यांचा विषय काढलात म्हणून विचारतो. देणग्या का? सरकारने युद्धावर पाठवला, सरकारच्या कामात जखमी झाला, मग त्याचा कुत्रा शाळेतल्या मुलांनी केक विकून जमवलेल्या पैशांतून का यावा? व्हीएचा 2012 चा नियम वाचून पाहा. दृष्टी, श्रवण किंवा हालचालीच्या अपंगत्वासाठी मान्यताप्राप्त संस्थेकडून कुत्रा घेतलेला असेल तर पशुवैद्याचा खर्च आणि हार्नेस वगैरे सामान मिळेल. खाणं नाही. नखं कापायचा खर्चही नाही. आणि मुख्य म्हणजे कुत्राच नाही, तो तुम्ही कुठूनतरी मिळवून आणायचा. मानसिक आजारासाठी तर तेव्हा काहीच नव्हतं, पुरावा नाही म्हणून. म्हणजे कुत्रा साधन आहे असं मानून त्याच्या देखभालीचे पैसे द्यायचे, आणि साधन विकत घेण्याची वेळ आली की तो धर्मादाय संस्थांचा विषय. कृत्रिम पाय सरकार देतं, तो कुणाच्या दयेवर सोडत नाही.

कैवारी : गंमत अशी की मी कुत्र्याचा कैवारी असूनही सरकारने कुत्रे वाटावेत याला बिचकतो. खात्यातून मिळणारी वस्तू ठरावीक मापाची असते. निविदा निघेल, सगळ्यांत स्वस्त पुरवठादार येईल. टँपाला झालं ते नेमकं घाईत आणि पुरवठ्याच्या पद्धतीने झालं. चांगल्या संस्था वर्षाला मोजकेच कुत्रे देतात, कारण जोडी जुळवायला वेळ लागतो. शांत कुत्रा भडक माणसाला, चपळ कुत्रा व्हीलचेअरवाल्याला, असं ते बघतात. कधी कधी माणसाला महिनाभर राहायला बोलावतात आणि शेवटी ‘तुम्हाला नको’ म्हणून परत पाठवतात. असा नकार कोणतं सरकारी खातं देईल? पहिल्याच नकारावर खासदाराचं पत्र येईल. त्यापेक्षा 2021 च्या ऑगस्टमध्ये संमत झालेला कायदा मला जास्त शहाणपणाचा वाटतो. त्यात मुख्य भर सैनिकाला कुत्रा देण्यावर नाही, पिल्लू शिकवायला देण्यावर आहे. पाच व्हीए रुग्णालयांत पाच वर्षांचा प्रायोगिक उपक्रम. पीटीएसडी असलेल्या सैनिकाने दुसऱ्या अपंग सैनिकासाठी कुत्रा तयार करायचा. कल्पना रिक यौंट यांच्या ‘वॉरियर केनाइन कनेक्शन’ या संस्थेच्या कामावर बेतलेली. पिल्लाने बरोबर केलं की शाबासकी आनंदी आवाजात द्यावी लागते, नाहीतर पिल्लू शिकत नाही. ज्याच्या आवाजातून वर्षानुवर्षं चढउतार गेलेले आहेत अशा माणसाला तो आवाज काढून पाहावा लागतो. आपण कुणाचं तरी काम करतोय, पलीकडे एक सोबती या कुत्र्याची वाट पाहतोय, ही जाणीव त्याला लष्कराने शिकवलेली असते. ती पुन्हा वापरात येते.

शंकेखोर : ही कल्पना मलाही पटते, आणि पटते म्हणूनच तुमच्या बाजूला महाग पडेल. कारण यात कुत्रा हे औषध नाहीच. काम, जबाबदारी आणि दुसऱ्याला लागणारं आपलं असणं हे औषध आहे. कुत्रा ते घडवून आणतो, कबूल. पण मग प्रश्न उरतो की सैनिकाला या समाजात दुसरं काही करायला का मिळत नाही? आपल्या पुण्याचंच बघा. खडकीला क्वीन मेरीज संस्था आहे, अपंग सैनिकांना हातचं कसब शिकवण्यासाठी 1917 साली मुंबईत निघालेली. कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासूनचं. आणि 1974 पासून खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र, जिथे कमरेखाली लुळे झालेले जवान एकत्र राहतात, हातांनी काम करतात, खेळतात. तिथे कुणी कुत्र्याची मागणी केल्याचं मी ऐकलं नाही. माणसांची सोबत असेल तर चार पायांची सोबत शोधावी लागत नाही.

कैवारी : इथे मात्र तुम्ही घसरलात. केंद्रात राहणारे किती आणि गावी परतलेले किती? गावी परतलेल्या जवानाची खाली पडलेली काठी कोण उचलतं? पाण्याचा तांब्या कोण आणून देतं? रात्री तो ओरडत उठला की दिवा कोण लावतं? बायको, आई, भावजय. त्यांच्या कामाचा कुठल्याच अभ्यासात रकाना नसतो. अमेरिकेत तेच काम करायला दोन वर्षं शिकवलेला, पन्नास हजार डॉलरचा लॅब्रॅडॉर लागतो, यावरून कळतं की ते काम किती मोलाचं आहे. तुम्ही सुरुवातीला विचारलात तो हिशेब मांडायचाच तर हा आकडा त्यात धरा. आपल्याकडे कुत्रा स्वस्त पडतो असं नाही, बाई फुकट पडते.

शंकेखोर : (थोडं थांबून) हे मी धरलं नव्हतं. पण मग ते कुत्र्यालाही लागू होतं. बायकोला कुणी विचारत नाही, तसं कुत्र्यालाही नाही. तो काही स्वतःहून भरती झाला नव्हता. आठ-दहा वर्षं दिवसरात्र एका घाबरलेल्या माणसाच्या श्वासावर कान ठेवून जगणं म्हणजे काय, हे कुणी मोजलं?

कैवारी : पुरेसं मोजलेलं नाही. चांगल्या संस्था जाकीट उतरवल्यावरच्या खेळाचे तास ठरवून देतात आणि कुत्रा थकला तर परत घेतात. सगळ्या तशा नाहीत. म्हणून माझा आग्रह आता बदललाय. किती कुत्रे द्यायचे याआधी कुणाला नाही म्हणायचं, हे ठरलं पाहिजे. ज्या घरात मालक अंथरुणातून उठू शकणार नाही त्या दिवशी कुत्र्याला बाहेर नेणारं दुसरं माणूस नाही, तिथे नाही. उपचार सोडून दिलेल्याला नाही. चावण्याचा इतिहास असलेला कुत्रा लहान मुलांच्या घरी नाही. एवढी चाळण लावल्यावर जे उरतील त्यांना मात्र पुराव्याची वाट पाहायला लावू नये. पाय तुटलेल्याला आपण कधी म्हणत नाही की आधी जगण्याची प्रत सुधारल्याचा आकडा दाखव, मग पाय देतो.

शंकेखोर : पाय तुटलेल्याच्या बाबतीत पाय काय करतो ते माहीत असतं. इथे ते अजून माहीत नाही : शिकवलेली कामं, की नुसता जीव, की सकाळी सहाची फेरी. ते कळेपर्यंत तुम्ही द्या म्हणाल, मी मोजत द्या म्हणेन, आणि दोघांच्या मधे संस्था फोटो छापत राहतील. देणगीदाराने निदान एक करावं. पैसे देण्याआधी संस्थेला विचारावं की दिलेल्या कुत्र्यांपैकी किती परत आले आणि का. जिच्याकडे हा आकडा नाही तिला पैसे देऊ नयेत.

कैवारी : आणि जी तो आकडा शून्य सांगेल, तिलाही नाही.